जगनदादाचं हसू

९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार

आज बी झोपले नाय. झोप येत नाय असं नाय. डोळे आपोआप मिटतात, मी परत उघडते. झोपले तर परत तिथं जाईन नि ह्या खेपेला माघारी येणार नाय, ही भीती हाय. म्हणून ही वही घेतली. जावेच्या पोराची शाळेची जुनी, मागची पानं कोरी होती. सातवीपर्यंत गेलेय शाळेत, लिहिता येतं. हात चालू असला की डोळा लागत नाय.

मी मेले होते. सगळे तसंच म्हणतात.

पोरगी झाली सकाळी, घरातच, सुईण होती. पोरगी रडली ते ऐकलं मी. मग रक्त थांबेना. ह्यांनी शेजारच्या काळुरामला टेम्पो काढायला लावला. आमच्या कारखान्यातले गणपती हमरापूरवरून पेणला नेतो तोच टेम्पो, आत पेंढा होता, त्यावर मला निजवली. अर्ध्या वाटेत मी गार पडले. काळुरामनं नाकाशी सूत धरलं, हललं नाय. ह्यांनी रस्त्यावरच्या एसटीडीवरून माझ्या भावाला रोह्याला फोन केला नि टेम्पो मागं फिरवला. सासूनं मला पडवीत भुईवर घेतली. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, कपाळभर कुंकू. ओटी भरायला पोटावर नारळ ठेवला. तो नारळ हलला. नम्रता, माझी जाऊ, किंचाळली. मग मी डोळे उघडले.

परत टेम्पो, पेणचा दवाखाना, टाके, रक्ताच्या बाटल्या. आता घरी हाय.

पोरगी माझ्याकडं नाय.

१० फेब्रुवारी

पोरगी मधल्या घरात, नम्रताकडं. नम्रताचं धाकटं अजून अंगावर पितं, तीच हिला बी पाजते. आमच्या मधी एक कुडाची भिंत. पोरगी रडली की माझा पोलका भिजतो. दूध वाटीत पिळते नि मागच्या दारी केळीच्या बुंध्याशी ओतते. केळ काय, तिला कोणाचं पण चालतं.

सासू वाईट नाय. लग्न होऊन आले तेव्हा मला मासे साफ करता येत नव्हते, मिठागरावरच्या पोरीला कुठले मोठे मासे, तर तिनं कोणाला कळू न देता शिकवलं. पण आता पेज आणते ती उंबऱ्यावर ठेवते नि मागं सरते.

आज म्हटलं, "आत्याबाय, एकदा लांबून तरी दाखव गो."

"तू कोण ते कळू दे आदी."

"मी कुंदा."

"कुंदा असतीस तर उठल्या उठल्या पोर विचारलं असतंस. बाळंतीण पैला पोर विचारते. तू काय विचारलंस? ह्या कानांनी ऐकलंय मी."

सगळ्यांनीच ऐकलं. डोळे उघडले नि मी म्हणाले — दादा का हसतोय?

माझा दादा तिथं नव्हताच. रोह्याला होता. नि पडवीत तर सगळी रडत होती.

१२ फेब्रुवारी, सोमवार

लिहू का नको करत दोन दिवस गेले. लिहिते. डोक्यात ठेवून फिरण्यापेक्षा बरं.

तिथं मिठागर होतं. आमच्या आयचंच, खाडीकाठचं. पण ऊन भाजत नव्हतं. मिठाच्या राशी लांबपर्यंत, मी अनवाणी, नि पाय चरचरत नव्हते. अंगातली सगळी कळ गेली होती. दाढ ठणकायची थांबते ना एकदम, तसं सगळं अंग.

आय पाठमोरी होती, लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती. आयला जाऊन तीन वर्षं झाली. जिवंत होती तेव्हा तिच्या पायाला ह्या अशा भेगा. त्यात मीठ जायचं. संध्याकाळी खोबरेल लावताना दातात पदर धरायची. तिथं तिचे पाय गुळगुळीत होते. तान्ह्या पोराच्या टाचेसारखे.

म्हटलं, आय, मी आले. ती वळली. पण मला जवळ नाय घेतलं. कान देऊन ऐकत राहिली. मागं खूप लांबून रडणं येत होतं. सासूचा आवाज ओळखला, ह्यांचा ओळखला. नि त्यातच एक जण मोठ्यानं हसत होता.

आय म्हणाली, "हा आपला जगन का हसतोय गो?"

मी म्हटलं मला काय ठाऊक.

"भाव रडल्याबिगर कसं घेऊ तुला? तो हसतोय तवर तुझं इथं काम नाय. जा."

मी म्हटलं मी नाय जात, मला इथं बरं वाटतंय. असंच म्हटलं मी. तेव्हा पोरगी आठवली नाय मला. हेच सासूला कसं कळलं?

आयनं फावड्याचा दांडा आडवा धरला. लहानपणी आम्ही पोरं मिठात पाय घालायला गेलो की धरायची तसा. नि ढकललं. मग पोटावर नारळ.

तिथं वाईट असतं तर मी निवांत झोपले असते. वाईट जागी कोण परत जातं? तिथं बरं होतं, म्हणून भ्या वाटतं.

१३ फेब्रुवारी

हे सगळं नम्रताला सांगितलं, भिंतीआडून. तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "मेलेल्या आयचं नाव घेऊन पोर मागते ती." झालं.

ह्यांना विचारलं, दादाला फोन केलात ना?

"केला."

"मग तो आला का नाय?"

हे कारखान्यातून आले होते, हात पांढरे, साच्यातला गणपती अजून ओला होता म्हणाले नि उठून गेले. अंगणात नुसते पांढरे गणपती वाळत ठेवलेत, रंग नाय, डोळे नाय. ह्यांची नजर पण तशीच, माझ्यावर येत नाय.

दादा मला लहानपणी खांद्यावर घेऊन खाडी ओलांडायचा. आय गेल्यावर तोच माझी आय. आता तो बी घाबरला असंल मला. नायतर बहीण गेली म्हटल्यावर कोण येत नाय?

१४ फेब्रुवारी

पेणला दवाखान्यात तपासून आले. डॉक्टरीणबाई चांगल्या हायत, हात धरून बोलतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, रक्त फार गेलं की मेंदूला असं काय काय दिसतं, पुष्कळांना दिसतं, तुम्ही मेला नव्हता, नाडी फार बारीक झाली असेल.

मी म्हटलं, "बाई, आयचे पाय दिसले ते ठीक. दादाचं हसू पण मेंदूच दाखवतो?"

"तो काहीही दाखवतो."

म्हटलं बरं. त्या शिकलेल्या हायत. पण आयचा दांडा छातीला लागला तो त्यांना नाय लागला.

परत रक्त जायला लागलं तर लगेच या म्हणाल्या. नि झोप घ्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

१५ फेब्रुवारी

डुलकी लागली. पाण्यात मिठाचा खडा विरतो तशी चालले होते. उठून तोंडावर पाणी मारलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी केळीवर कावळा बसला होता. सासूनं काठी घेऊन लांबपर्यंत हाकलला. मला गेल्या वर्षीचं आठवलं नि हसूच आलं. किती दिवसांनी.

गणपतीच्या आधी, कामाची नुसती घाई, मला चौथा महिना. अंगणात मूर्ती घासत बसले होते पॉलिश पेपरनं, नि एक कावळा आला नि डोक्यावर बसला. नुसता शिवला नाय, बसला, पाय रुतवून. सासू हातातलं टाकून धावली. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण. मग ते टाळायला काय करायचं, तर माहेरी खोटी बातमी धाडायची की बाई गेली. माहेरचं माणूस खरोखरचं रडलं की मरण फसतं, वाटतं आपलं काम झालं. मग खरं सांगायचं.

ह्यांनी दादाला फोन केला, तुझी बहीण गेली. दादा रोह्याला कंपनीत, शिफ्टमधून तसाच निघाला. कंपनीचे कपडे, पायात कंपनीचे बूट. हमरापूरच्या फाट्यापासून रडत आला, लोक बघायला बाहेर आले. नि मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तो दारातच बसला. मग असा चिडला.

"मावशी, माझी अर्ध्या दिवसाची हजेरी गेली!"

सासू म्हणाली, "हजेरी गेली, बहीण राहिली. जेवून जा."

जेवला, तीन भाकऱ्या. जाताना बोटं नाचवून म्हणाला, "पुन्हा हा खेळ केलात तर मी रडणार नाय, सांगून ठेवतो. आता कोण मेलं म्हणालं तरी हसणार मी."

हे लिहून परत दोनदा वाचलं. का ते अजून नीट कळत नाय. उद्या विचार करते. डोकं चालत नाय झोपेबिगर.

१७ फेब्रुवारी

नम्रता भिंतीआडून म्हणाली. उद्या निडीवरून दाजी येणार. दाजी जाणता हाय, अंगारा देतो, आत कोण हाय ते सांगतो म्हणे. त्यानं 'ही कुंदा नाय' म्हटलं तर पोरगीला घेऊन नम्रता निडीला तिच्या माहेरी जाणार, पोर मोठं होईस्तोवर.

मी म्हटलं, "तुला काय वाटतं गो, मी कोण?"

ती म्हणाली, "वैनी, तुझी पोरगी माझं दूध पिते खरी, पण डोळे भिंतीकडं ठेवते."

ह्यांना बोलावलं. म्हटलं, पोरगी निडीला गेली तर मी खाडीत जाईन, मग दाजीला विचारा कोण बुडालं. हे रडले. पण सासूपुढं बोलतील असं वाटत नाय.

१८ फेब्रुवारी, रविवार

दादा आला.

सासू पडवीत बसून दाजीसाठी सुपात तांदूळ निवडत होती. मी आतल्या उंबऱ्यात. नि अंगणातून आवाज आला, "काय मावशी, कावळा उडाला काय?"

दादा. हातात पिशवी, पिशवीतून लाल टोपडं बाहेर आलेलं. हसत उभा.

सासू म्हणाली, "कुठला कावळा?"

"आता कुठला म्हणून विचारते. तुझ्या प्रवीणनं फोन केला तो. कुंदा गेली, कुंदा गेली. रडायला तर असा लागला होता की नाटकात घ्यावा. मी म्हटलं पुन्हा बसला काय कावळा? असा हसलो, असा हसलो, नि ठेवला फोन. एकदा फसलो म्हणून दरसाल फसतो काय? मुरादभाईला सांगितलं, त्याच्याच दुकानात फोन येतो ना, तो पण हसला. म्हणाला, अरे अशानं तिची उमर वाढते." मग त्यानं मला बघितलं. "काय गो कुंदे, पोर झालं का नाय? कोण कळवायला तयार नाय. नि ही काय दशा तुझी? आजारी होतीस?"

सासूचा हात सुपात तसाच.

हे कारखान्याच्या दारात येऊन उभे होते. म्हणाले, "हसला होता हा. खरंच हसला. मी ऐकलं." मग माझ्याकडं बघून — किती दिवसांनी बघितलं — "तुला काय सांगणार होतो? बहीण मेली नि भाव हसला, हे सांगू? म्हणून बोललो नाय. परत फोन पण केला नाय त्याला. रागच आला."

दादा म्हणाला, "म्हणजे? खरं होतं?"

सासू उठली. सूप बाजूला सरकवलं. पैल्यांदा माझ्या अगदी जवळ आली, उंबरा ओलांडून, नि माझी हनुवटी धरली.

"तू तवा काय विचारलंस गो?"

"दादा का हसतोय."

"हा हसला ते तुला कोणी सांगितलं होतं?"

"आयनं."

"ह्यानं?" ह्यांच्याकडं बोट.

"नाय. तिथं आयनं. ती म्हणाली, जगन हसतोय तवर तुला घेत नाय."

सासूनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली. "मी कोणाला बोललोच नव्हतो आये. काळुरामला पण नाय."

दादा टोपडं हातात चुरगाळत होता. आता त्याला सगळं कळलं होतं. त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं, ओठ खाली, लहानपणी व्हायचं तसं, नि सासू ह्या वयात अशी झेपावली नि त्याच्या तोंडावर हात दाबला.

"रडू नको मेल्या! इतके दिस नाय रडलास, आता रडतोस? हास. हास म्हणते ना."

"मावशी, कसा हसू—"

"कसा पण हास. माझ्या कावळ्याची शपथ."

नि दादा हसला. नाकाडोळ्यातून पाणी नि हसतोय. मला आधी हुंदका आला, मग मी पण हसले. टाके ओढले जात होते तरी हसले. हे हसले. भिंतीआड नम्रता हसली. सगळ्या आळीला वाटलं असंल ह्या घरात आता सगळ्यांनाच लागिर झालंय.

सासू मधल्या घरात गेली नि पोरगीला घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझीच हाय. पण माझ्या कावळ्यानं राखली तुला, इसरू नको."

पोरगीच्या टाळूला वेखंडाचा वास येत होता. डोळे मिटलेले, तोंड इकडं तिकडं शोधत होतं, नि मग सापडलं. दूध एवढं आलं की तिला ठसका लागला. केळीला आता पाणीच घालावं लागंल.

दाजी दुपारी आला. सासूनं चहा दिला. "काम झालं दाजी." तो म्हणाला, मग माझा नारळ? सासू म्हणाली, नारळ न्या, तांदूळ पण न्या, आनंदाचे. दाजीनं आत डोकावून मला बघितलं. मी पोरगीला पाजत होते. म्हणाला, "ह्यात काय बघायचं? ही तर बाळंतीण हाय." नि गेला.

१९ फेब्रुवारी

झोपले.

२५ फेब्रुवारी, रविवार

बारसं झालं. नाव भूमिका. दादानं ठेवलं. लाल टोपडं मोठं होतं, नाकावर येत होतं. मुरादभाईनं दादाजवळ खजूर पाठवले, त्याचा भाव आखातात असतो तिकडचे. सगळ्या बायका आल्या. मला ओवाळलं नि ओटी भरली. जिवंतपणी. तोच नारळ काढला होता सासूनं, जपून ठेवलेला, मला म्हणाली, आता हलवून दाखव.

सासू सगळ्यांना सांगत होती. दर खेपेला कावळा मोठा होतो. आज तर घारीएवढा झाला होता.

बायका गेल्यावर एक म्हातारी मागं राहिली. तिचा जनू खाडीत गेला, लई वर्षं झाली, सात-आठ वर्षांचा होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिथं माझा जनू दिसला काय गो?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "नाय दिसला, आजी. मी फार आत नाय गेले. पण तिथं पाय पोळत नायत. माझ्या आयच्या भेगा गेल्या होत्या सगळ्या."

ती म्हणाली, "तो अनवाणीच फिरायचा." नि हसली, नि गेली.

तेव्हा मला कळलं, मला आता त्या जागेचं भ्या राहिलं नाय. आयचंच घर ते. माहेरी जायला कोण घाबरतं? फक्त बोलावल्याबिगर जायचं नाय, नि पोरगी मोठी झाल्याबिगर तर नायच.

दादा निघताना मी म्हटलं, "दादा, पुढं कधी खरी बातमी आली तर?"

तो म्हणाला, "मला खरं-खोटं काय कळत नाय. कावळा म्हटलं की मी हसणार. मुरादभाईला पण सांगून ठेवतो." नि अंगणाच्या बाहेर जाईस्तोवर हसून दाखवत गेला, वेड्यासारखा, आळीतली पोरं त्याच्या मागं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

परत रक्त. कालपासून. पेणला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत काय तरी राहिलंय, भूल देऊन पिशवी साफ करावी लागेल, फार थांबून चालणार नाय. ह्यांचं तोंड त्या अंगणातल्या गणपतीसारखं पांढरं झालं.

सासू म्हणाली, "आत्ताच धाडू काय खोटी बातमी? आदीच काम करून ठेवलेलं बरं." नम्रता म्हणाली, "आत्याबाय, खोटी नको, जगनभाऊ रडतील. कावळाच कळवा." डॉक्टरीणबाई आमच्याकडं बघतच राहिल्या. ह्या बायका कशाला हसतायत म्हणून.

१ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात हाय. भूमिका पोटभर पिऊन बाहेर सासूच्या मांडीवर झोपलीय. आता मला सुई देऊन झोपवणार. झोपायला मी तयार हाय. आयला तेवढं लांबून बघून येते, पाय बघते.

ही वही उशीखाली ठेवते. हे माझ्यापाशी बसलेत, पण रडतील नि विसरतील. म्हणून जो कोण ही वाचंल त्याला सांगते. मी वेळेवर डोळे उघडले नाय तर आधी माझ्या भावाला फोन लावा. जगन, रोह्याला, मुरादभाईच्या दुकानात. नंबर पुठ्ठ्याच्या आत लिहिलाय. दुसरं काय बोलू नका, गेली बिली तर मुळीच नको. एवढंच सांगा, कुंदेच्या डोक्यावर कावळा बसलाय.

तो हसला की मग फोन ठेवा. त्याच्या आधी नको.